सिक्युरिटी मॉनिटरला व्हिडिओ आणि आवाज कसा जोडायचा

सिक्युरिटी मॉनिटर पहिल्यांदा पाठमोरा करून बघितला की गोंधळायला होतं. धातूची गोल सॉकेट, पिवळी-पांढरी-लाल भोकं, पंधरा पिनांचं निळं सॉकेट, चपटं एचडीएमआय आणि कोपऱ्यात एक बारीक स्विच, त्याच्या शेजारी छापलेलं '७५ ओहम'. नवीन माणूस साहजिकच आकार बघतो आणि जी पिन जिथे बसेल तिथे ती लावतो. पुष्कळदा चित्र येतंही. येत नाही तेव्हा मात्र याच सवयीपायी अख्खी दुपार जाते. सॉकेटचा आकार तुम्हाला फक्त पिन कुठे बसेल एवढं सांगतो. तिच्यातून येणारा सिग्नल कुठला, तो या मॉनिटरला समजतो का आणि त्याचा शेवट कुठे होतो, हे आपल्यालाच बघावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांभोवतीच आहेत.

पायरी १ : सिग्नल कुठून आणि कुठला येतोय ते ठरवा

केबल हातात घेण्याआधी दुसरं टोक कशात आहे ते बघा. कॅमेरा थेट मॉनिटरला जोडणार आहात, की मध्ये डीव्हीआर किंवा एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर आहे? मध्ये रेकॉर्डर असेल तर काम सोपं होतं, कारण बहुतेक रेकॉर्डरना एचडीएमआय आणि व्हीजीए (तेच पंधरा पिनांचं निळं सॉकेट) असे दोन्ही आउटपुट असतात. कॅमेरा थेट लावायचा असेल तर जास्त सावध राहायला हवं.

याचं कारण बीएनसी. ही दाबून पाव वळसा फिरवली की 'टक्' करून बसणारी गोल पिन. फार चांगली पिन आहे, ओढ बसली तरी सुटत नाही. पण तिच्यातून एकमेकांशी अजिबात न जुळणारे किमान तीन प्रकारचे सिग्नल जातात. पहिला जुना कॉम्पोझिट व्हिडिओ, ज्याला सीव्हीबीएस म्हणतात. दुसरा एचडी अॅनालॉग, म्हणजे टीव्हीआय, सीव्हीआय आणि एएचडी. तिसरा डिजिटल एसडीआय. तिन्हींना केबल तीच, पिन तीच. टीव्हीआय कॅमेरा फक्त कॉम्पोझिट ओळखणाऱ्या मॉनिटरला लावला तर स्क्रीन काळी राहते, नाहीतर आडव्यातिडव्या रेघा दिसतात. कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही शाबूत असतात, केबलही ठीक असते. फक्त दोघांची भाषा वेगळी असते.

म्हणून कॅमेऱ्याचं लेबल वाचा. बऱ्याच एचडी अॅनालॉग कॅमेऱ्यांच्या केबलवर एक छोटी दांडी किंवा बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की कॅमेरा टीव्हीआय, एएचडी, सीव्हीआय आणि सीव्हीबीएस यांमध्ये बदलता येतो. कुठल्या दिशेला दाबायचं ते प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं असतं, तेव्हा त्याची पुस्तिका बघा. जुन्या मॉनिटरसाठी तो सीव्हीबीएसवर आणावा लागतो. चित्राची बारकाई अर्थातच कमी होते.

कॉम्पोझिटमध्येही पाल आणि एनटीएससी असे दोन प्रकार आहेत. पालमध्ये ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीमध्ये ५२५ रेषा आणि सुमारे ३० फ्रेम. आजचे बहुतेक मॉनिटर दोन्ही आपोआप ओळखतात. तरी चित्र नीट दिसतंय पण रंग नाहीत, किंवा चित्र वरखाली सरकतंय, असं झालं तर मेनूतली ही सेटिंग सगळ्यात आधी तपासा.

पायरी २ : मागच्या पॅनलवर 'इन' आणि 'आउट' वेगळे ओळखा

सिक्युरिटी मॉनिटरवर बीएनसी सॉकेट बहुधा जोडीने असतात, एक 'व्हिडिओ इन' आणि शेजारी 'व्हिडिओ आउट'. नवीन माणसाची केबल हमखास चुकीच्या सॉकेटमध्ये जाते, कारण दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. येणारी केबल नेहमी 'इन'मध्ये. 'आउट' हे तोच सिग्नल पुढच्या मॉनिटरकडे नेण्यासाठी असतं. एकाहून जास्त जोड्या असतील तर त्यांना ए-बी किंवा १-२ अशी नावं असतात. केबल ज्या जोडीत लावाल तेच इनपुट समोरच्या बटणाने निवडावं लागतं. 'नो सिग्नल' दिसलं की घाबरून केबल उपसण्याआधी हे बटण एकदा फिरवून बघा.

मॉनिटरला बीएनसी नसून पिवळं आरसीए सॉकेट असेल तर बीएनसी ते आरसीए असा छोटा अॅडॉप्टर चालतो. दोन्हींतून तोच कॉम्पोझिट सिग्नल जातो, फक्त पिनचा आकार बदलतो. व्हीजीए किंवा एचडीएमआयच्या बाबतीत असा साधा अॅडॉप्टर चालत नाही. कॉम्पोझिटपासून एचडीएमआयकडे जायचं असेल तर वीजपुरवठा लागणारा कन्व्हर्टर हवा, कारण तिथे सिग्नलच नव्याने तयार करावा लागतो.

काही मॉनिटरवर चार पिनांचं गोल एस-व्हिडिओ सॉकेटही दिसेल. त्यात उजेडाची आणि रंगाची माहिती वेगवेगळ्या तारांतून येते, त्यामुळे बारीक पट्ट्यांवर रंगाची खोटी झाक उमटत नाही. समोरच्या उपकरणात ते असेल तर जरूर वापरा. कॅमेऱ्यांना ते क्वचितच असतं.

पायरी ३ : टर्मिनेशन, म्हणजे तो ७५ ओहमचा स्विच

या विषयात एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही शिका. चित्र येतं पण मनासारखं येत नाही, अशा तक्रारींचं मूळ फार वेळा या स्विचपाशी सापडतं.

कॉम्पोझिट व्हिडिओचा सिग्नल शिखरापासून तळापर्यंत १ व्होल्टचा असतो. त्यातला ०.७ व्होल्ट चित्राचा आणि ०.३ व्होल्ट सिंकचा, म्हणजे प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र कुठे सुरू होतं हे मॉनिटरला सांगणाऱ्या इशाऱ्याचा. हा १ व्होल्ट बरोबर मिळतो तो केबलच्या शेवटी ७५ ओहमचा रोध असेल तेव्हाच. कॅमेऱ्याच्या आत ७५ ओहम, केबल ७५ ओहमची आणि शेवटच्या टोकालाही ७५ ओहम. हे गणित जुळलं की सिग्नलची सगळी शक्ती त्या टोकाशी शोषली जाते. शेवटी रोध नसेल, तर डोंगराला हाक आपटून परत यावी तसा सिग्नल टोकावर आपटून मागे फिरतो आणि चित्रात वस्तूच्या कडेला तिचीच पुसट सावली दिसू लागते.

आता स्विच. त्याच्या एका बाजूला '७५ ओहम' आणि दुसऱ्या बाजूला 'हाय-झेड' लिहिलेलं असतं. ७५ ओहमवर मॉनिटर म्हणतो, सिग्नल इथे संपला. हाय-झेडवर तो सिग्नल नुसता बघतो आणि पुढे जाऊ देतो. नियम असा : एकच मॉनिटर असेल तर ७५ ओहम. एका पाठोपाठ एक असे अनेक मॉनिटर 'आउट'मधून जोडले असतील तर फक्त शेवटचा ७५ ओहमवर, मधले सगळे हाय-झेडवर.

चुकलं तर काय दिसतं, ते आकड्यांत सांगतो. दोन मॉनिटर असून दोघेही ७५ ओहमवर ठेवले तर १ व्होल्टऐवजी साधारण ०.६७ व्होल्ट उरतो आणि चित्र मंद, काळपट होतं. तिघेही ठेवले तर ०.५ व्होल्ट. सिंकही त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे चित्र थरथरतं किंवा सुटून पळू लागतं. उलट एकही मॉनिटर ७५ ओहमवर नसेल तर सिग्नल जवळपास दुप्पट, २ व्होल्टपर्यंत चढतो. मग पांढरे भाग फटफटीत होतात, चेहरे ओळखू येत नाहीत आणि सावल्या दिसतात.

अशा वेळी बहुतेक जण ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची बटणं फिरवून चित्र 'बसवतात'. तसं करू नका. पांढऱ्या भागात एकदा पुसलेला तपशील बटणाने परत येत नाही. आधी स्विच, मग बटणं.

काही मॉनिटरवर स्विच नसतो. 'आउट'मध्ये केबल घातली की आतलं टर्मिनेशन आपोआप सुटतं, नाहीतर लागलेलं असतं. अशा मॉनिटरच्या 'आउट'मध्ये पलीकडे काहीच न जोडलेली केबल लटकत ठेवली, तर तो समजतो की पुढे कोणीतरी आहे आणि टर्मिनेशन काढून टाकतो. ही चूक पटकन लक्षात येत नाही. बिनकामाची केबल काढून टाका.

'आउट' नसलेल्या मॉनिटरला किंवा घरगुती टीव्हीला टी-कनेक्टर लावून सिग्नल वाटायचा मोह होतो. टीव्हीच्या आत ७५ ओहम बहुधा कायमचाच असतो, त्यामुळे दोन्हीकडे टर्मिनेशन लागून चित्र मंद होतं. तिथे व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर लावावा. त्याचं प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असतं. तीन-चारपेक्षा जास्त मॉनिटर असतील तर साखळीऐवजी हाच मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण साखळीत मधल्या एकाची केबल निघाली की पुढचे सगळे अंधारात जातात.

पायरी ४ : केबल

कॉम्पोझिट आणि एचडी अॅनालॉगसाठी आरजी-५९ किंवा आरजी-६ ही ७५ ओहमची कोअॅक्सिअल केबल. आरजी-६ जाड असते आणि लांब अंतरावर कमी सिग्नल खाते. आरजी-५८ दिसायला तशीच पण ५० ओहमची, रेडिओच्या कामाची. घेताना केबलवर छापलेला आकडा वाचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधली तार आणि जाळी शुद्ध तांब्याची हवी. डिशसाठी मिळणाऱ्या कित्येक आरजी-६ केबलमध्ये मधली तार पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा. उपग्रहाच्या उच्च वारंवारतेला तेवढं पुरतं, कारण तो सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. कॉम्पोझिट व्हिडिओ मात्र जवळपास शून्य वारंवारतेपासून सुरू होतो आणि त्याला तारेची सगळी जाडी लागते. पोलादी तारेत तो वाटेतच अशक्त होतो. ओळखायला सोपं आहे. तारेला लोहचुंबक लावा. चिकटला तर ती केबल या कामाची नाही.

बीएनसी पिन बसवताना जाळीचा एखादा केसाएवढा धागा मधल्या पिनला टेकला तरी शॉर्ट होतो आणि चित्र पूर्ण जातं. म्हणून केबल सोलल्यावर उजेडात धरून नीट बघा. नुसती पिळून बसवायची पिन तात्पुरत्या चाचणीला ठीक आहे. कायमच्या कामाला क्रिम्पिंगची किंवा कॉम्प्रेशनची पिन लावावी. पिळून बसवलेली पिन काही महिन्यांनी सैल पडते आणि मग चित्र मधूनमधून जाऊ लागतं. कायमच्या बिघाडापेक्षा हा मधूनच होणारा बिघाड शोधणं जास्त त्रासदायक असतं.

पायरी ५ : व्हीजीए आणि एचडीएमआय

रेकॉर्डरपासून मॉनिटरपर्यंत अंतर थोडं असेल तर एचडीएमआय लावा. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून येतात. फुल एचडी चित्रासाठी साधी एचडीएमआय केबल १० ते १५ मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे एक्स्टेंडर लागतो. हा सिग्नल डिजिटल असल्यामुळे अंतर वाढलं तरी चित्र हळूहळू पुसट होत नाही. आधी ठिपके चमकतात आणि मग स्क्रीन एकदम काळी पडते. व्हीजीएमधून फक्त चित्र येतं, आवाजाची तार वेगळी टाकावी लागते.

इथली एक नेहमीची अडचण म्हणजे स्क्रीनवर 'आउट ऑफ रेंज' असा संदेश. रेकॉर्डर मॉनिटरच्या आवाक्याबाहेरचं रिझोल्यूशन पाठवत असतो. तो दुसऱ्या एखाद्या मोठ्या स्क्रीनला जोडा, त्याच्या मेनूत आउटपुट रिझोल्यूशन कमी करा आणि मग मूळ मॉनिटरवर परत या.

काही डीव्हीआरला बीएनसीचं 'स्पॉट' आउटपुटही असतं. ते पहारेकऱ्याच्या छोट्या मॉनिटरसाठी. तिथे निवडलेले कॅमेरे थेट दिसतात, पण मेनू आणि माउसचा बाण दिसेलच असं नाही. बाण दिसत नाही म्हणून डीव्हीआर बिघडला असं समजू नका, आधी मुख्य आउटपुट कुठलं ठरवलंय ते बघा.

पायरी ६ : आवाज

बीएनसी लावलं की आवाजही येईल, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. कॉम्पोझिट व्हिडिओच्या तारेत आवाज नसतो. आवाजाला वेगळी तार आणि मॉनिटरवर वेगळं आरसीए सॉकेट. नव्या एचडी अॅनालॉग कॅमेऱ्यांत 'ऑडिओ ओव्हर कोअॅक्स' असतं, म्हणजे आवाज त्याच केबलमधून येतो. पण तो वेगळा काढण्याचं काम ती सोय असलेला डीव्हीआर करतो. मॉनिटरला तो आवाज डीव्हीआरच्या एचडीएमआयमधून किंवा ऑडिओ आउटमधून द्यावा लागतो.

व्हिडिओ ए ला लावला असेल तर ऑडिओही ए ला. बहुतेक मॉनिटर इनपुट बदललं की त्याच जोडीचा आवाज घेतात, त्यामुळे चित्र ए मध्ये आणि आवाज बी मध्ये अशी गल्लत झाली तर चित्र मुकं राहतं. पांढरं आणि लाल अशी दोन सॉकेट असतील आणि तुमच्याकडे एकच तार असेल तर ती पांढऱ्यात, म्हणजे डाव्या बाजूला. कॅमेऱ्याचा आवाज मोनोच असतो. व्हीजीएच्या जोडीला बहुधा ३.५ मिलिमीटरचं 'पीसी ऑडिओ' सॉकेट असतं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पातळीची. मॉनिटरचं ऑडिओ इनपुट लाइन पातळीचं असतं, म्हणजे साधारण ०.३ व्होल्टच्या आसपासचं. साध्या मायक्रोफोनमधून काही मिलिव्होल्टच निघतात, शंभरपट कमी. तो थेट जोडला तर कान लावून ऐकलं तरी काही कळत नाही. उलट अॅम्प्लिफायरचं स्पीकर आउटपुट इथे लावलं तर आवाज फाटतो आणि इनपुट जळू शकतं. म्हणून सीसीटीव्हीसाठी आतच प्रीअॅम्प्लिफायर असलेला माइक घ्यावा. त्याला बहुधा तीन तारा असतात : १२ व्होल्ट, ग्राउंड आणि आवाज. रंगांवर विसंबू नका, सोबतचा कागद वाचा. १२ व्होल्टची तार चुकून ऑडिओ इनमध्ये गेली तर नुकसान होतं.

माइक आणि मॉनिटरचा स्पीकर एकाच खोलीत असतील तर कर्कश शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. मॉनिटरचा आवाज कमी करा किंवा हेडफोन लावा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आवाज टिपण्याबाबतचे कायदे पुष्कळ ठिकाणी चित्रापेक्षा कडक असतात. लोकांना न सांगता त्यांचं बोलणं ऐकणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. माइक खरंच हवा आहे का, हे आधी ठरवा आणि लावलात तर तशी सूचना दिसेल अशी लावा.

पायरी ७ : चित्र आल्यावर

चित्राच्या कडा कापल्या जाताहेत का ते बघा. कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ कडेलाच असते, आणि दाराची चौकटही बऱ्याचदा तिथेच. मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा किंवा अंडरस्कॅन निवडा. माणसं जाडी दिसत असतील तर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं गेलं आहे, ते मूळ प्रमाणात आणा. पुढे कधी कोणाला ओळखायची वेळ आली तर अंगलट खरी दिसायला हवी.

चित्रातून आडवा फिका पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकतो आहे आणि आवाजात घुमणारी घरघर आहे, असं दोन्ही असेल तर ग्राउंड लूपचा संशय घ्या. कॅमेरा आणि मॉनिटर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले असले आणि त्या दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असला की केबलच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो. शक्य असेल तर दोन्ही उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज द्या. नाही जमलं तर केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थची पिन कापून पट्टा घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. पट्टा जाईल, पण बिघाड झाला की उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज उतरू शकते. केबल जोडताना बीएनसीच्या धातूला झिणझिणी जाणवली तर तिथेच थांबा आणि अर्थिंग तपासून घ्या.

काहीच दिसत नसेल तेव्हा

सगळं एकदम उपसू नका. कॅमेरा मॉनिटरजवळ आणा आणि हातभर लांबीच्या, चांगल्या असल्याची खात्री असलेल्या केबलने जोडा. चित्र आलं तर दोष लांब केबलमध्ये किंवा तिच्या पिनांमध्ये. नाही आलं तर सिग्नलचा प्रकार, इनपुटचं बटण आणि कॅमेऱ्याची वीज, या क्रमाने तपासा.

केबल तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. दोन्ही टोकं सगळ्या उपकरणांपासून सोडवा. मधली पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात रोध मोजा, काहीच जोड दिसता कामा नये. शून्याच्या आसपास आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक पिनमध्येच. मग पलीकडच्या टोकाला पिन आणि जाळी मुद्दाम एकमेकांना टेकवा आणि पुन्हा मोजा. आता थोडे ओहम दिसले पाहिजेत. शुद्ध तांब्याच्या आरजी-५९ मध्ये मधल्या तारेचे १०० मीटरला सुमारे ३.३ ओहम आणि जाळीचे त्याहून कमी धरा. काहीच जोड दिसला नाही तर तार तुटली आहे. आकडा अपेक्षेच्या कितीतरी पट आला तर मधली तार पोलादाची असणार.

सगळं सुरळीत झालं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा : कुठला कॅमेरा, कुठलं इनपुट, सिग्नलचा प्रकार. मॉनिटरच्या मागे टर्मिनेशनचा स्विच कुठे ठेवला तेही लिहा. साखळीत नवा मॉनिटर वाढला की शेवटचा मॉनिटर बदलतो, आणि तेव्हा आधीच्या मॉनिटरचा स्विच हाय-झेडवर न्यायचा राहून जातो.